मुठीएवढा

वेंगुर्ल्याबाहेर मठच्या रस्त्याला
काजूच्या बागेआड आमची फाउंड्री.
आठवड्यातून एकदाच पेटते, शनिवारी.
बाकीचे दिवस मी कोक फोडते.

गाडीतून येतो तेव्हा असोल्या नारळाएवढा,
पाहिजे मुठीएवढा.
माझ्या नव्हे, इनास मिस्त्रीच्या मुठीएवढा.
बारीक झाला तर भट्टीचा दम कोंडतो.

पहिल्या दिवशी विचारलं होतं, हा कसला कोळसा,
हाताला हलका, आपटला की भांड्यासारखा वाजणारा?
"कोळसो न्हय गो. कोळशातलो धूर
आधीच कोणी काढून घेतल्यानी,
उरलो तो ह्यो."
कोणी घेतला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पावसात कोक पाणी पितो, काट्यावर चोर होतो.
म्हणून मी ढेकूळ फोडून ओठांना लावते.
गार लागलं
की गाडीवाला काजूंकडे बघत बसतो.

एवढा किनारा समोर,
पण साच्याला ही वाळू चालत नाही.
तिच्यात शिंपांचा चुरा, तापला की फसफसतो,
ओतिवाला भोकं पडतात.
वाळू येते घाटावरून, ट्रकभर भाडं देऊन.
आणि तीच शिंपं, खाडीतल्या कालवांची,
भट्टीच्या तोंडातून टाकली
तर बिडाचा मळ धरून बाहेर येतात.
हे मला अजून नीट उमजलेलं नाही.

नारळी पुनवेआधी सगुण केळुसकराला
जाळं ओढायच्या विंचचा ड्रम हवा.
थर कोकाचा, थर बिडाचा:
फुटकी इंजिनं, शिवणयंत्रांचे पाय,
एक नांगर, ज्याची होडी कोणाला आठवत नाही.
तेवढं सगळं ओझं खालचा कोक अंगावर घेतो,
लाल होतो, पांढरा होतो,
चुरत नाही.
चुरला तर वरचं सगळं खाली बसेल, म्हणतो इनास,
आणि मातीचा बोळा फोडतो.

लोखंड येतं तेव्हा कोणी बोलत नाही.
पत्र्यावरचा पाऊस तेवढा.
एक थेंब पळीत पडला तर काय होतं,
ते इनासच्या मानेवर लिहिलंय.

रविवारी सगुण येतो. ड्रम बोटाने वाजवतो,
मग माझ्याकडे बघतो,
जसं काही आवाज मीच दिला.

मी भट्टीच्या तळाशी वाकलेली असते.
पाणी मारून विझवलेला, अर्धा जळलेला कोक
राखेतून वेचून काढते.
पुन्हा पेटतो तो.
आज अडीच टोपल्या निघाल्या.