घडाला कागद

दिंडोरी नाक्यावरच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात
मथाबाई गांगुर्डे आल्या दुपारी दीडला,
चपलेला बागेतली माती,
पदराचं टोक दातांत.
"डोळ्यात कुसळ गेलंय," म्हणाल्या,
"सहा महिने झाले, निघंना."

कुसळ नव्हतं.
नाकाकडच्या कोपऱ्यातून
बुबुळाच्या काठापर्यंत सरकत आलेला वडस,
गुलाबी, पातळ,
वेलाचा शेंडा तारेला शिवावा तसा.
"ऊन आहे हे, मावशी.
वीसेक वर्षांचं, साठलेलं."

"उन्हाचं मला सांगता?"
म्हणत त्या स्टुलावर नीट बसल्या.
मोहाडीच्या बागेत पौषात घड भरू लागला
की एकेकाला कागद गुंडाळायचा.
जुनं वर्तमानपत्र, वर स्टेपलरची पिन,
खटाक, पुढचा घड.
कुणाचं लग्न, कुणाचा दहावा,
सगळं द्राक्षांच्या अंगावर.
"थंडीतलं ऊन लबाड असतंय,
लागत नाही आणि भाजून काढतं.
मण्याला चट्टा पडला की माल परत.
साहेब येतो, भिंग लावून बघतो."

आणि तुमच्या तोंडाला काय लावता?

"तोंड कुठं परदेशी जातंय?"

बांगड्या मागे सरकल्या, तेव्हा दिसली
मनगटावरची बोटभर कातडी,
तिच्या जन्माच्या रंगाची.

मी चिठ्ठी लिहिली: सिव्हिलला दाखवा, लवकर.
काळा चष्मा काढून दिला,
काचेवर यूव्ही ४०० चं स्टिकर.
रुंद काठाची टोपी घ्या म्हणालो,
रुमाल गालावरून मानेपर्यंत बांधा.
आरशात बघून त्या इतक्या हसल्या
की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला.
"टोळीतल्या बाया म्हणतील,
मथी हिरोईन झाली."
अडीचशेचे दोनशे केले. मग एकशेऐंशी.
त्यांनी कनवटीचे पैसे दोनदा मोजले.

आणि काउंटरवरचा कालचा पेपर मागून घेतला,
चष्मा त्यात गुंडाळला,
चारी बाजूंनी, हलक्या हातानं,
चरा पडू नये म्हणून,
पिशवीत तळाशी ठेवला
आणि उतरल्या रस्त्यावर.

"डोळ्यावर, मावशी! डोळ्यावर!"
मी पायरीवरून ओरडलो.

त्या वळल्या.
कपाळाशी हात धरून
माझ्या दिशेनं बघत राहिल्या,
एक डोळा मिटलेला.
कोण हाक मारतंय
ते त्यांना दिसलं नसावं.