सांधा

स्लॅबच्या दिवशी जेवण मालकाकडं असतं,
म्हणून त्या दिवशी कुणी आजारी पडत नाही.
बोरीच्या अलीकडं, शाळेच्या दोन खोल्या.
सकाळी आठलाच सळई हाताला चटका द्यायली.
रसूलभाईनं मिक्सरपुढं नारळ फोडला,
खोबरं वाटता वाटताच ओळ लावली:
खाली व्यंकट, मग पारूबाई,
शिडीवर सोजर, सटवाजी आणि मी,
वर हणमंत, गजांवर पाय रोवून.

सांगितलं एवढंच:
'घमेल्याकडं बघू नका, ते कुठं पळून जात नाही.
पुढच्याच्या हाताकडं बघा.
त्याची बोटं लागल्याबिगर आपली ढिली करू नका.
अन् थांबू नका. स्लॅब एका दमात पडला पाहिजे.
मधी थांबला की सांधा धरतो.
सांधा दिसत नाही. गळतो.'

एक पोतं, दोन फरे वाळू, चार फरे खडी.
वाळू पूर्णेची, मोजायला रसूलभाई स्वतः.

तासाभरानं हात आपले राहत नाहीत.
बारा हातांचं एकच जनावर
शिडीला चिकटून वर चढत राहतं,
रिकामी घमेली त्याच्या पाठीवरून घरंगळत खाली.
पारूबाई तंबाखू थुंकायला मान वळवायची,
तेवढ्यापुरती सगळी ओळ अर्धा श्वास थांबायची,
कुणी न सांगता.
हे शिकवलेलं नव्हतं.
हे मला फार वर्षांनी आठवलं.

सोजर चपळ. तिचं सगळ्यांना कौतुक.
'पोरगी नाही, वीज आहे,' हणमंत वरून म्हणायचा,
आणि माझ्या मनात दरवेळी
खड्याएवढं काहीतरी पडायचं.

अकरा वाजले असतील.
घमेलं सोजरकडून सुटलं,
सटवाजीच्या हातात अजून आधीचं होतं.
ओला माल त्याच्या पायावर,
खडी खणखणत खालच्या पायरीपर्यंत.
तो म्हणाला, डोळे फुटले का?
ती म्हणाली, जमत नसंल तर घरी बसावं माणसानं.
मग व्यंकट सोजरकडून, पारूबाई सटवाजीकडून,
कुणाच्या मागच्या हजेरीचं निघालं,
कुणाच्या घरचं निघालं.
पाऊण तास मिक्सर नुसताच फिरत राहिला,
रिकाम्या पोटात दात खाल्ल्यासारखा.

रसूलभाई ओरडला नाही.
वर गेला, कडेवर ओलं पोतं टाकलं,
उकिडवा बसून त्या कडेकडं बघत राहिला,
तापल्या पोराच्या उशाशी बसावं तसा.
मग खाली आला, सटवाजीच्या पायावर पाणी ओतलं,
आणि दोघांच्या मधी
स्वतः शिडीवर उभा राहिला.
संध्याकाळी मटण होतं. सगळे जेवले.
सोजरनं सटवाजीला भाकर वाढली,
त्यानं ती घेतली.
तेवढ्यावर मिटलं.

आता पंप आलाय. नळीतून माल जातो,
एक माणूस तोंड धरतो, दुसरा बटण दाबतो.
सोजर पुण्याकडं गेली म्हणतात.
सटवाजी नाही.

माझा धाकटा त्याच शाळेत, दुसऱ्या खोलीत.
त्याच्या बाकावर छताला एक डाग आहे,
लांबट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
कुणी बोटानं रेघ ओढावी तसा.
खाली बादली ठेवतात.
गुरुजी म्हणाले, 'गुत्तेदारानं सिमेंट खाल्लं, दुसरं काय!'
रसूलभाईनं खाल्लेलं नव्हतं.
एक पोतं, दोन फरे, चार फरे. मी मोजलेत.

सटवाजीच्या हातात आधीचं घमेलं होतं,
कारण ते मी घेतलं नव्हतं.
पदर खोचत होते.
पदर आधीच खोचलेला होता.
सोजर घाईत आहे हे मला दिसत होतं,
'थांब' म्हणायला एक अक्षर जास्त लागलं नसतं.
ती दोघं भांडली.
मी शिडीवर त्यांच्याहून उंच उभी होते,
आणि माझं नाव कुणी घेतलं नाही.

गुरुजी वाट बघत होते, मी काही बोलेन म्हणून.
'हाव,' म्हणलं मी,
'गुत्तेदार असलेच असतात.'
आणि बादली भरली होती,
ती उचलायला त्यांना एक हात दिला.