कूलरच्या टाकीतली भेदरं

मे महिन्यात वर्धा रोडच्या एका लॉनवर
लग्नातले आठ कूलर सांभाळायला गेलो होतो.
रात्री बाराला ताट मिळालं,
सॅलडात दोन टमाटे, बोराएवढे.
एक खाल्ला. दुसरा कागदात गुंडाळून
खिशात ठेवला, फ्यूजच्या तारेसोबत.

घरी येईपर्यंत तो फुटला होता.
बिया पावतीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर पसरल्या.
वाळल्या तशा चिकटल्या कागदाला,
बिल नंबर शंभरच्या पाठीशी.

पाऊस लागला की नागपुरात मला कोणी ओळखत नाही.
जुलै ते फेब्रुवारी माझा फोन
वेळ पाहायच्या कामाचा.
मानेवाड्याच्या अंगणात मेलेले कूलर रांगेनं उभे,
पत्रा गंजलेले, पंखा काढलेले,
एकाचा पाय माझ्यासारखा आखूड.

सप्टेंबरात एका टाकीला भोकं पाडली.
तळाशी विटांचे तुकडे, मग माती, शेणखत,
वरून जुन्या ताट्यांचं गवत,
तीन उन्हाळ्यांचं पाणी प्यालेलं.
ज्या नळीतून ताट्यांवर पाणी ठिबकतं
तीच नळी रोपांच्या मुळाशी आडवी टाकली.
बादलीत एक जुना पंप. सकाळी पाच मिनिटं.
एवढं मला येतं.
बाकीचं काही येत नव्हतं.

बगलेतले फुटवे खुडायचे असतात, हे उशिरा कळलं,
तोवर टाकीचं जंगल झालेलं.
खुडले की बोटं पिवळी होतात, मग काळपट हिरवी,
आणि तो वास साबणाचं ऐकत नाही.
ग्रीसनं बत्तीस वर्षांत माझे हात इतके धरले नव्हते.

शेजारच्या घाटोळे काकू कुंपणावरून म्हणाल्या,
"इवली इवली भेदरं! भाजीत किती टाकसान, शंभर?"
म्हटलं, भाजीसाठी नाहीत.
"मंग कावून लावली?"
मी नळीची भोकं साफ करत राहिलो.

डिसेंबरात थंडी आठवर उतरली.
फळं हिरवीच बसून, हट्टानं.
संक्रांत झाल्यावर एका सकाळी
घोसात देठाजवळचं एक लाल,
त्याखालचं केशरी, त्याखालचं पिवळट,
टोकाला अजून मटारचा दाणा.
ओढायचं नाही.
देठाच्या गाठीवर अंगठा जरा टेकवायचा,
व्हायचं असेल तर हातात येतं.

रेवता चहाच्या गाळणीत मोजायची.
सत्तावीस. एकेचाळीस. एकदा एकशे सहा.
मोजता मोजता एक गालात फोडायची
आणि आकडा विसरायची.

मार्चात फोन वाजला. प्रतापनगरच्या लांजेवार बाई.
"पंप गेला हो, पाणी चढत नाही, आजच्या आज या."
त्यांच्या कूलरला बसणारा पंप आता बाजारात येत नाही.
एक होता, तो बादलीत होता.
म्हटलं, माल सोमवारी येतो.
सोमवारी म्हटलं, गुरुवारी.
धंद्यातलं हे पहिलं खोटं नाही,
पण भेदरांसाठी पहिलंच.

बुधवारी पारा चाळीसला टेकला.
फुलांना बोट लावलं तर देठासकट हातात आली,
वाळलेली, हलकी, भाताच्या तुसासारखी.
पुढे आता फळ धरणार नव्हतं.
दुपारी बादली उपडी केली.
पंपाच्या जाळीत मुळांचे केस अडकले होते,
ते टाचणीनं एक एक काढले.

प्रतापनगरात पाणी चढलं.
ताट्या भिजल्या, तो वास खोलीभर झाला.
बाई घाम पुसत पंख्यासमोर बसल्या.
पिशवी पुढे केली, शेवटची साठ-सत्तर असतील.
"हे काय?"
"तुमचा पंप वापरला, त्याचं भाडं."
त्यांनी एक खाल्लं. मग दुसरं.
"म्हणजे सोमवारीच होता तुमच्याकडे."

पावतीपुस्तकात एकच पान शिल्लक होतं.
मजुरी लिहिली, पंप लिहिला, खाली सही केली.
फाडून देताना मागे बोटांना खडबडीत लागलं,
तीन-चार बिया, टिश्यूतल्या त्या पहिल्या रात्रीच्या.
त्यांचे पैसे लावले नव्हते.
सांगावं की नाही, या विचारात
जिना उतरलो. खाली दुसरा फोन वाजत होता.