रुमालाखाली

महापूर ओसरल्यावर वाचनालयाची पुस्तकं
आम्ही गच्चीवर वाळत घातली,
चादरींवर, दोऱ्यांवर, शाळेतून मागून आणलेल्या बाकांवर.
माझ्या वाट्याला इतिहासाचं कपाट आलं.
टीपकागद, पावडरचा डबा आणि केसांतली एक पिन,
एवढ्यावर मी पान पानापासून सोडवत होते.

एका जाड ग्रंथात, कृष्णेच्या गाळात निम्मी रुतलेली,
मला गुलबिके खातून भेटली.
तातार. कुठल्याशा थंड नदीकाठची.
दोन खानांची विधवा, तिसऱ्याची राणी.
ग्रंथकारानं तिला दीड पान दिलं होतं,
त्यातलं अर्धं पुरानं नेलं.

उरलेल्यात एक पत्र.
ज्याची फौज तिच्या वेशीवर उभी, त्या राजाला:
‘बंधो, तुम्ही धाडलेली कातडी पोचली.
एक उसवली होती, ती मी शिवून घेतली.
माझा थोरला तुमच्याकडे ओलीस आहे,
धाकटा तुमच्याशी लढायला निघालाय.
दोघांनाही लहानपणापासून खोकला.
सोबत पांढरा घोडा पाठवते.
तो थोरल्याच्याच हातचं खातो,
तेव्हा पोराला रोज तबेल्यापर्यंत येऊ द्यावं लागेल.
आणि बर्फ वितळेपर्यंत नदी ओलांडू नका,
घोड्याला परका चारा एकदम मानवत नाही.’

त्या साली नदी ओलांडली गेली नाही,
असं तळटीप सांगते.
कारण दिलंय: कडाक्याची थंडी.

मी पिन खाली ठेवली.
मला हळदीचा सौदा आठवला.
मामंजी रुमालाखाली हात घालून भाव करायचे,
बोट दाबलं की एक आकडा, अख्खा पंजा की दुसरा,
आणि वर चेहरा असा,
जणू कुणाच्या तरी दुखण्याची चौकशी चाललीय.
बाईचा हात त्या रुमालाखाली कधी गेला नाही.

पण जिनाक्कांनी, माझ्या सासूबाईंनी,
एक लेक मिरजेला दिली, एक तासगावला, एक पार अथणीला.
पोती ज्या वाटेनं हलायची, त्या वाटेवर.
संक्रांतीच्या डब्यात तिळाच्या वड्यांखाली चिठ्ठी असायची:
‘खसखस यंदा जून निघाली. ह्यांचं पोट बरं नाही.
जावईबापूंना म्हणावं, माल अमावस्येपर्यंत पेवातच राहू दे.’
अमावस्या उलटायची, भाव चढायचा.
मामंजी पेठेतून यायचे, चप्पल काढता काढता म्हणायचे,
‘बाजार फिरला बघ.’
‘फिरला व्हय? बरं झालं की,’
आणि ताटात भाकरी पडायची.

अथणीची कुसुम दोनदा परत आली.
दोन्ही वेळा जिनाक्कांनीच तिला एस.टी.त बसवून दिलं,
खिडकीतून केळी दिली, गाडी सुटेपर्यंत उभ्या राहिल्या.
तिसऱ्यांदा फक्त पत्र आलं.
ते त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवलं, न फोडता.
त्यांच्या माघारी आम्ही भिंत रंगवली तेव्हा सापडलं.
अजून तसंच आहे.
मीही कऱ्हाडच्या गुळाच्या अडतीतून आलेली.
कुठल्या भावात आणली मला, ते मी कधी विचारलं नाही.

हरिपूरची पेवं आता बुजली, सौदे पडद्यावर होतात.
गच्चीवर ऊन कलत होतं.
खातूनचं पान उचललं तर कडेला हळदीसारखा पिवळा डाग,
बहुतेक गाळाचाच.
घोड्याचं पुढं काय झालं, पोरगा सुटला का,
ते पुरानं नेलेल्या अर्ध्या पानात असावं.

वाचनालयाच्या नियमाविरुद्ध
मी तळटिपेशेजारी पेन्सिलनं बारीक लिहिलं:
थंडी नव्हे.
पुस्तकावर ‘पूरग्रस्त’ शिक्का मारला
आणि पिन परत केसांत खोचली.