खुणेपासून वीतभर

मनामाच्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्यानं
पासपोर्टवर नाव वाचलं: इद्रिस.
उठून उभा राहिला. सलाम, भाऊ. या, या.
आणि हा वेल्सचा गोरा, प्रार्थनाघराच्या बाकावर वाढलेला,
छातीवर हात ठेवून इतका लवला
की मागची रांग हसली.
बहारीनमधला पहिला हशा, काउंटरवरच.
हे त्यानंच सांगितलेलं. म्हणजे निम्मं खरं धरा.

मी हॉटेलातला दिवेवाला.
लग्न असलं की गुलाबी, कंपनीची पार्टी असली की निळा,
आणि हिवाळ्यात लंडनहून फार्स आला
की पांढरा गोल झोत, माणसाच्या मागे मागे.
टेबलं जोडून रंगमंच, प्लायवूडची भिंत, दारं पाच.
समोर कोकरू कापत बसलेले बँकवाले, तेलवाले.
रोज सव्वानऊला इद्रिस प्रोथेरो
तिसऱ्या दारातून पाद्री होऊन यायचा, विजारीशिवाय,
आणि खडूच्या खुणेवर पडायचा.
वय एकसष्ट.

माझा मामा वेंगुर्ल्याकडे दशावतारात पेट्रोमॅक्स धरायचा.
त्याची एकच शिकवण:
उजेड धरणाऱ्यानं हसू नये, हात हलतो.
एकोणीस रात्री मी हसलो नाही.
इद्रिसला ते लागलं.
वर बसलेला तो बिशप कोण, त्यानं मॅनेजरला विचारलं.

मग प्रयोग संपला की भटारखान्याच्या मागच्या पायरीवर,
एसीच्या यंत्रांची गरम हवा अंगावर घेत, दोघं.
बाप पत्र्याच्या कारखान्यात.
नवव्या वर्षी धर्मोपदेशकाची नक्कल केली,
एक थोबाडीत मिळाली,
आणि आई एप्रनमध्ये तोंड खुपसून हसली.
थोबाडीत विसरलो, म्हणाला. एप्रन नाही.
सोळा उन्हाळे समुद्रकाठच्या धक्क्यांवर,
नाताळच्या खेळांत मिशा दाबून सावत्र आई,
सिनेमात पोस्टमन, सिनेमात हवालदार,
एकदा बुडून मेलेला माणूस:
ते काम इतकं मनापासून केलं की सर्दी झाली.
टीव्हीवर तेरा भाग शेजारी.
दार उघडायचं, साखर आहे का विचारायचं, दार लावायचं.
चौदाव्या भागात शेजारी बदलला.

त्याच्या गावाच्या नावात पहिलंच अक्षर असं
की जिभेच्या दोन्ही कडांनी वारा सोडायचा,
मांजर फिस्कारल्यासारखा.
मी म्हटलं, आमच्यातही आहे एक, इंग्रजांना न येणारं.
म्हण: बाळ. पोळी. केळं.
तो म्हणे: बाल. पोली. केलं.
काय केलं? मी विचारायचो.
भांडी घासता घासता जोसेफकुट्टीनं
स्वतःच्या भाषेतलं तिसरंच एक काढलं.
ते आम्हा दोघांनाही जमेना.

विसाव्या रात्री तो पडला
खुणेपासून वीतभर अलीकडे.
हॉलला काय कळणार? हशा उसळला,
काटे-चमचे टेबलांवर आपटले.
मला वरून पाय दिसत होता,
नको त्या बाजूला वळलेला.
दिवे लावायचे सगळे, की घालवायचे?
मी झोत अरुंद केला. फक्त चेहरा.
पाय अंधारात, ज्याचा त्याला.
त्या चेहऱ्यानं वर माझ्याकडे बघितलं
आणि घामाने निथळत, अगदी स्वच्छ म्हटलं:
केळं.

मी हसलो. हात हलला.
झोत झुंबरावर, पडद्यावर, एका बँकवाल्याच्या टकलावर,
आणि सगळा हॉल, कशाला ते न कळता,
खुर्च्यांतून घसरला.

इस्पितळातही नाव वाचून कुणीतरी खजूर आणून दिले होते.
प्लास्टरमधला पाय टांगलेला.
खरं सांग, म्हणाला, मला हसले की तुझ्या दिव्याला?
मी म्हटलं, अर्धे अर्धे.
तो बराच वेळ गप्प. मग खजुराची पिशवी
मधोमध ठेवून, मोजून, नऊ बिया त्याच्या, नऊ माझ्या.

खूप वर्षांनी, गुदैबियात, न्हाव्याच्या दुकानात
गालाला साबण, कोपऱ्यात टीव्ही चालू.
दार उघडलं. कोवळा, मिशाळ चेहरा. साखर आहे का?
डबाबंद हशा.
दार लागलं.
न्हावी ओरडला, हलू नको!
पण वस्तरा ओढून झाला होता.
तुरटी लावता लावता विचारलं त्यानं, कोण रे तो?
शेजारी, मी म्हटलं.