चुना सोडतो

घेंटच्या बंदराकडे, पाडायला काढलेल्या शाळेच्या आवारात
गोदलीव्ह विटा साफ करते.
डाव्या हातात वीट, उजव्या हातात बोथट कुऱ्हाड,
टक, टक, मग एक आडवी सरक,
आणि शंभर वर्षांचा चुना
खवलेल्या खोबऱ्यासारखा बुटांवर पडतो.

मी कंटेनरमधल्या टेबलाशी बसून कार्बन मोजतो.
पोटापाण्याचं काम आहे, हसू नका.
नवी वीट: अर्धा किलो, भट्टीचा जाळ धरून.
जुनी वीट: शून्य.
ट्रकचं डिझेल वेगळ्या रकान्यात.
गोदलीव्हच्या खांद्याला रकाना नाही.
मी शोधला.

याकूप विटा रचतो.
बाजारात मडकं घ्यावं तशी
प्रत्येक वीट दुसरीवर वाजवून बघतो:
खणखणली तर भिंतीला,
बद्द वाजली तर कुणाच्या तरी बागेतल्या वाटेला.
दिवसाला हजार. धुकं उतरलं की सातशे.

चुन्याचं बरं असतं, गोदलीव्ह म्हणते,
धरतो, पण मागितलं की सोडतो.
मी मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं,
आमच्या भाषेत चुना लावणं म्हणजे फसवणं.
ती खो खो हसली.
मग सिमेंट लावण्याला काय म्हणता?
मला उत्तर आलं नाही.

एवढं मात्र मला माहीत होतं, तेवढं सांगितलं:
भट्टीत भाजताना चुनखडीने जो श्वास टाकला
त्यातला बराचसा या भिंतींनी परत ओढून घेतलाय,
सावकाश, कुणाच्या लक्षात न येता,
आत पाढे चालू असताना, सुट्टीची घंटा होत असताना,
दोन लढायांमध्ये वर्ग बंद असतानासुद्धा.
ती म्हणाली, असेल.
आणि पुढची वीट घेतली.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही व्यायामशाळेपाशी पोचलो.
ही मागाहूनची, चौऱ्याहत्तर सालची. सिमेंटची.
कुऱ्हाड उसळून परत यायची.
सांधा तसाच राहायचा, फुटायची ती वीटच.
शंभरातल्या चार हाती लागल्या.
याकूप म्हणाला, सोड, मशीन बोलवू.
ती थांबेना.

दुसऱ्या दिवशी जेवताना, थर्मासमधलं सूप ओतत,
कपाकडेच बघत म्हणाली,
ही बापाची.

आखील नाव त्याचं. रविवारी सायकलच्या दांडीवर बसवून
तो तिला ही भिंत दाखवायला आणायचा.
जग बुडालं तरी हिची एक वीट निघायची नाही, म्हणायचा.
तिने ते शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं.

त्या दुपारी एका विटेला तिने चाळीस मिनिटं घेतली.
मी घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं नाही.
वीट निघाली. एक कोपरा गेलेला.
मला वाटलं, घरी नेईल.
तिने ती याकूपकडे फेकली,
त्याने वाजवली,
खणखणली,
आणि राशीत गेली. आता ती कुठली, ते सांगता येणार नाही.

गुरुवारी मशीन आलं.
माझ्या तक्त्यात ती भिंत अशी आहे:
खडी, अडतीस टन, रस्त्याच्या भरावासाठी.

नव्या शाळेच्या बैठकीत कंत्राटदार म्हणाला,
थंडी तोंडावर आहे, चुना आळशी,
गोठला तर जबाबदार कोण, सिमेंट घालू.
त्याचं अगदीच चूक नव्हतं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी कागदांकडे.

गोदलीव्ह पैशांच्या पावतीसाठी दारात उभी होती.
मागून वाकून तिने तक्त्यावर बोट ठेवलं,
नखात पांढरं.
हे साठ काय?
म्हटलं, इमारतीचं आयुष्य. वर्षं. धरावं लागतं.

म्हणजे साठ वर्षांनी कुणीतरी येणार कुऱ्हाड घेऊन,
ती म्हणाली.
चुनाच घाला. हवं तर वसंतापर्यंत थांबा.
तिलाही खांदा असेल.