मधलं बटण

घरी एकट्यानं वाजवला की
माझा बेस म्हणजे गुऱ्हाळावरची काहील,
जाड, काळसर, बुडबुडे सावकाश फुटणारी.
खालचं बटण पूर्ण उजवीकडं,
वरचं त्याच्या जरा मागं,
मधलं शून्यावर.
मांडणीतली पेली थरथरायची,
आई आतनं म्हणायची, "घर पाडतोस का काय?"
आणि मला वाटायचं, झालं,
सापडला आपला सूर.

सोमवारी उद्यमनगर बंद.
सॅम्युएल आवळेच्या मामाच्या गाळ्यावर,
वरच्या मजल्यावर, कटिंग ऑइलच्या वासात आमचा सराव.
आयूब मुजावरचे ड्रम, सॅमची गिटार,
तेजल चौगुले गायला.
मोबाइलवर पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं
तर रंकाळ्याच्या तळाशी
कुणीतरी गादी झोडपत होतं.
तो मी.
"भावा, तू वाजवत होतास न्हवं?"
आयूबनं विचारलं.
टोमणा नव्हता त्यात. तेच लागलं.

मी आवाज वाढवला.
सॅमनं वाढवला.
आयूबनं जाड काठ्या आणल्या.
तेजलनं माईक स्टुलावर ठेवला
आणि काही न बोलता वडा खायला गेली.

मी लेथवर असतो, मंगळवार ते रविवार.
केरबा काका आले होते, घुमक्याची कडी वाकलेली,
ती गोल करून पाहिजे होती, फुकटात.
बोलता बोलता म्हणाले,
"मैदानात घुमकं जरा जास्तच तापवतो मी.
घरात वाजवलं तर कानाला टोचतं,
म्हातारी शिव्या देती.
पण हलगी कडाडाय लागली, माणसं वराडाय लागली,
की बरोबर आपल्या जागंवर जाऊन बसतं.
हलगी गोष्ट सांगती, आपण हुंकार द्यायचा.
हुंकार लांबवला की गोष्ट बुडती.
वीस रुपये देतो, बघ."

मी चाळीस घेतले.
त्यांचं बोलणं डोक्यात शिरलं ते गुरुवारी,
शाफ्ट बुशात जात नव्हता तेव्हा.
शाफ्टला दोष नव्हता, आरशासारखा चकचकीत,
एकटा टेबलावर ठेवला तर बघत बसावा असा.
केसभर जाड, एवढंच.
केसभर काढला, आणि गेला आत.

पुढच्या सोमवारी खालचं बटण मागं घेतलं.
हात कापला जरा, खोटं कशाला सांगू,
महिन्याचा पगार घालून मिरजेहून आणलेला तो घुमार
आपल्याच हातानं कमी करायचा.
वरचंही उतरवलं.
मधलं चढवलं, जे आजवर कधी हलवलंच नव्हतं.
बोटं ब्रिजकडं सरकवली.
आणि आला आवाज: सर्दी झालेल्या मास्तरासारखा,
नाकातला, हट्टी, बिनसाखरेचा.
सॅम हसला.
मग मी त्याला म्हटलं, तुझ्या गिटारचं खालचं काढ,
तिथं मी आहे.
तो हसायचा थांबला. काढलं त्यानं, कुरकुरत.

आयूबचा पाय पडला,
माझं बोट पडलं,
दोन्हींच्या मध्ये पोस्टकार्डही सरकलं नसतं.
मधल्या दोन ओळींत मी वाजवलंच नाही काही.
तेजल नेहमीपेक्षा हळू गायली.
ओरडायची गरज नव्हती म्हणाली,
जागा होती.
संपल्यावर कुणी माझं नाव घेतलं नाही.
आयूब म्हणाला, "गाणं बसलं,"
आणि बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं.

रात्री घरी तसंच वाजवून पाहिलं, एकट्यानं.
आई दारात आली.
"बिघडला काय रे तुझा बाजा?"
नाही म्हटलं.
मग तिला रेकॉर्डिंग ऐकवलं,
तिच्या त्या जुन्या, चिरक्या फोनवर.
ती म्हणाली, पोरगी चांगली गाती.
मग जराशानं, "ह्यात तू कुठाईस?"
सांगणार होतो, नाही सांगितलं.
फोनच्या एवढ्याशा स्पीकरातही
माझा प्रत्येक सूर स्पष्ट येत होता.

मांडणीतली पेली आता थरथरत नाहीत.
त्याचं थोडं वाईट वाटतं.